सातचं नाटक, पाचचं टेबल: नागपुरात नाटकाआधी बाहेर जेवायला जाताना

पाटवडी-रश्शाचा डबा पायाशी लपवून मी एका नाटकाचा पहिला अंक पाहिला आहे. डोळे रंगमंचावर होते, जीव डब्यात. झाकण सैल होतं, रस्सा गरम होता आणि वास कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता. मधल्या एका शांत प्रसंगात पुढच्या रांगेतल्या काकांनी मान मागे वळवून एकदा माझ्याकडे आणि एकदा खाली पाहिलं. तेव्हाच ठरवलं, की नाटकाआधीचं जेवण हा विषय एकदा नीट शिकून घ्यायचा.

त्या दिवशी आम्ही चौघं होतो: सासूबाई, त्यांची धाकटी बहीण म्हणजे मावशी, नवरा आणि मी. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात सातचा प्रयोग. जेवायला निवडलं होतं पश्चिम नागपुरातलं नव्या धर्तीचं एक हॉटेल, जिथे आपलेच पदार्थ छोट्या छोट्या प्लेटांत, सजवून, वाटून खायला देतात. साडेपाचला पोचलो तर अर्धे दिवे बंद. एक मुलगा फरशी पुसत होता. "बसा ना मॅडम, किचन सहाला सुरू होते." सहाला ऑर्डर दिली, आठ प्लेटा. सव्वासहाला दोन आल्या. मग नुसतं "येऊन राहिलं ना मॅडम, पाच मिनिटं." सहा पस्तीसला उरलेल्या सहाही एकदम आल्या. निम्मं बांधून घेतलं, सव्वासातला सभागृहात पोचलो आणि अंधारात बारा जणांचे गुडघे ओलांडून रांगेच्या मधोमध जाऊन बसलो.

त्यानंतर सात-आठ वेळा हा बेत जमवला आहे. दोनदा थोडा फसला, बाकी छान झाला. जे कळलं ते क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या

नाटकाआधीचं जेवण हा प्रकार लंडनच्या वेस्ट एंडमध्ये आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर रुळलेला आहे. तिथली बरीच हॉटेलं संध्याकाळी लवकर येणाऱ्यांसाठी वेगळं कार्ड ठेवतात: दोन किंवा तीन पदार्थ, ठरलेली किंमत, आणि पडदा वर जायच्या आत तुम्ही मोकळे. हॉटेलचाही फायदा, कारण तेच टेबल रात्रीच्या गिऱ्हाइकांना पुन्हा मिळतं. आपल्याकडे असं छापील कार्ड मला अजून कुठे दिसलं नाही. त्यामुळे ते आपणच मनात तयार करून न्यायचं.

दुसरीकडे, छोट्या प्लेटांची ही नवी भारतीय पद्धत. दिल्लीत २००९ साली इंडियन अ‍ॅक्सेंट आणि मुंबईत २०१५ साली बॉम्बे कँटीन सुरू झालं, आणि घरचा-रस्त्यावरचा पदार्थ घेऊन त्याचं नवं रूप मांडायचं हे वळण हळूहळू आपल्या शहरांतही आलं. या हॉटेलांत जेवणाला ठरलेला क्रम नसतो. जी प्लेट तयार होईल ती येते. गप्पा मारत, एकेक चाखत, दोन-अडीच तास बसायचं म्हणून ही सगळी मांडणी. नाटकाला मात्र घंटा असते. भांडण आहे ते इथेच.

मावशींनी पहिली प्लेट पाहिली तेव्हाच निकाल दिला होता: "ही तर भातुकली आहे गं." चूक नव्हतं ते. पण नाटकाआधी भातुकलीच बरी. थाळीसमोर बसलं की ती संपवावी लागते, सावजी मटणावर ताव मारला की दुसऱ्या अंकात डोळे मिटतात. छोट्या प्लेटा कुठेही थांबवता येतात. फक्त थांबवायचं आपल्याला सुचलं पाहिजे.

१. तिकीट आधी, टेबल नंतर

उलटं करू नका. तिकीट काढताना तीन गोष्टी बघा.

पहिली, सभागृह कोणतं. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह आणि लक्ष्मीनगरातलं सायंटिफिक सभागृह ही शहराच्या तीन वेगळ्या बाजूंना आहेत. "देशपांडेला आहे ना?" म्हणत निघालेले आणि रेशीमबागेचं तिकीट खिशात असलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाशी माझं लग्न झालं आहे.

दुसरी, वेळ छापील आहे की खरी. "आपल्याकडे सातचं म्हणजे सव्वासात" हे प्रत्येक ठिकाणी चालत नाही. पत्रिकेवर दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत असं काही असेल तर खुशाल अर्धा तास धरा. पण मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर आलेल्या व्यावसायिक नाटकाला दुसऱ्या दिवशी अमरावती किंवा चंद्रपूर गाठायचं असतं. रात्रीच नेपथ्य उतरवून टेम्पोत भरायचं असतं. ते वेळेवर सुरू करतात. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोगही परीक्षक समोर बसलेले असल्याने फार ताणत नाहीत.

तिसरी, नाटक किती वेळाचं. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून साधारण सव्वादोन ते अडीच तास चालतं. म्हणजे सातला बसलेला माणूस साडेनऊपर्यंत काही खाणार नाही, मध्यंतरातला चहा आणि आलुबोंडा सोडला तर. हा आलुबोंडा हिशोबात धरायचा, तो का ते पुढे येईलच.

आणि खुर्ची. कडेची मिळत असेल तर ज्येष्ठांसाठी कडेचीच घ्या. सुरेश भट सभागृह जवळजवळ दोन हजार माणसांचं आहे, रांगा लांबलचक. भरल्या पोटी मधोमध पोचणं ही एक वेगळी कसरत आहे.

२. घड्याळ उलटं मोजा

घंटेपासून मागे यायचं. सातचा प्रयोग, हॉटेल धरमपेठेत आणि नाटक रेशीमबागेत असेल तर माझा हिशोब असा:

- ६:४० – सभागृहाच्या दारात. पाणी, स्वच्छतागृह, ओळखीच्या दोन लोकांशी "अरे, तुम्ही पण?" हे सगळं यात येतं.
- ६:०५ – हॉटेलातून बाहेर. अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे, पण रविवारी संध्याकाळी सीताबर्डीचा बाजार, पुढे बैद्यनाथ चौक नाहीतर मेडिकल चौक, आणि शेवटी गाडी लावायला जागा. पस्तीस मिनिटं लागतातच.
- ५:५५ – बिल दिलेलं.
- ५:४५ – शेवटची प्लेट टेबलावर.
- ४:५० – आपण टेबलावर.

म्हणजे खायला मिळतो जेमतेम एक तास. पहिल्यांदा हे कागदावर लिहिलं तेव्हा नवरा म्हणाला, "दुपारचं जेवण आहे का हे?" जवळपास आहेच. त्या दिवशी दुपारी घरी वरणभातावर भागवायचं. साडेअकराला सावजी आणि पाचला छोट्या प्लेटा असला पराक्रम करू नका.

सभागृहाच्या जवळ जेवायला मिळालं तर अर्धा तास वाचतो. देशपांडे सभागृहाचा प्रयोग असेल तर सदर किंवा सिव्हिल लाइन्समध्ये बसा, सायंटिफिकचा असेल तर बजाजनगर-धरमपेठ बाजू. रेशीमबागेजवळ मात्र या प्रकारचं हॉटेल मला सापडलेलं नाही, म्हणून तिथल्या प्रयोगाला रामदासपेठ बरं पडतं.

डिसेंबरात आणखी एक अडचण. हिवाळी अधिवेशन सुरू असलं की विधानभवनाच्या आजूबाजूला बॅरिकेड, वळवलेली वाहतूक आणि मोर्चे. देशपांडे सभागृह त्याच भागात. त्या दिवसांत पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरा आणि सकाळच्या पेपरात बंद रस्त्यांची यादी वाचून निघा.

नऊचा प्रयोग असेल तर यातलं बरंच सोपं होतं. सातला बसा, सव्वाआठला उठा. किचनही तोवर पूर्ण चालू असतं. नवख्या माणसाने पहिला प्रयत्न नऊच्याच नाटकाला करावा, असं माझं मत.

३. "किचन किती वाजता सुरू होतं?" हे विचाराच

हा सगळ्यात मोठा सापळा. नेटवर लिहिलेलं असतं: दुपारी बारा ते रात्री अकरा. ती दार उघडं असण्याची वेळ झाली. बऱ्याच ठिकाणी साडेतीन-चारपासून सहा-सातपर्यंत किचनला सुट्टी असते. आचारी जेवतात, झोपतात, संध्याकाळची चिराचिरी होते, तंदूर विझवलेला असतो. तुम्हाला बसवून घेतील, पाणी देतील, मेन्यूही देतील. जेवण देणार नाहीत.

फोनवर नेमकं असं बोला:

"दादा, रविवारी चार जणांचं टेबल हवंय. आम्ही पाचला येऊन सहाला निघणार, सातचं नाटक आहे. पाचला किचन चालू असतं का? पूर्ण मेन्यू मिळतो की थोडाच? तंदूर किती वाजता पेटतो?"

तंदूरचा प्रश्न ऐकून समोरचा माणूस सावध होतो, हे माझं निरीक्षण. त्याला कळतं की हिने कुठेतरी मार खाल्लेला आहे. मग तो खरं सांगतो. काही ठिकाणी सुट्टीच्या वेळातही चाट, थंड पदार्थ आणि तळणीचं एवढं मिळतं, कारण त्याचं काउंटर वेगळं असतं. नाटकाआधी तेवढं पुरतंही.

उत्तर "हो हो, या ना, मिळून जाईल" असं मोघम आलं तर दुसरीकडे फोन लावा.

४. सोबत काय घ्यायचं

- नाटकाचं तिकीट: कागदी असेल तर पाकिटात, मोबाइलवर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. सभागृहाच्या दारात नेटवर्क रुसतं.
- टेबल आरक्षणाचा मेसेज, किंवा ज्याच्याशी बोललात त्याचं नाव.
- जेवणाआधी घ्यायच्या गोळ्या किंवा इन्सुलिन. पाचला जेवायचं म्हणजे रोजच्या वेळा बदलतात; मधुमेह असलेल्यांनी हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.
- शाल. नागपूरचा उन्हाळा असला तरीही. सभागृहाचा एसी आणि बाहेरचे ४४ अंश यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.
- पार्किंग आणि रिक्षासाठी सुटे पैसे.
- वाचायचा चष्मा. या हॉटेलांत उजेड कमी आणि मेन्यूवरची अक्षरं मुंगीएवढी.

डबा नेऊ नका. का ते वर सांगितलंच आहे.

५. बसल्या बसल्या पहिलं वाक्य

मेन्यू उघडायच्या आधी कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला, सांगा: "भाऊ, आम्हाला सहाला निघायचंय. लवकर होणारं काय ते तुम्हीच सांगा." हे वाक्य शेवटी सांगितलं तर काही उपयोग नाही, तोवर ऑर्डर आत गेलेली असते. आधी सांगितलं की तो टेबलाच्या चिठ्ठीवर वेळ लिहितो आणि आतही ओरडून सांगतो.

मग त्याला प्लेटा कशा येणार ते विचारा. "तयार होतील तशा" हे उत्तर ठरलेलं. त्यावर तुम्ही म्हणा, "चालेल, पण पहिल्या तीन लगेच द्या, बाकीचं मी वीस मिनिटांनी सांगते." ऑर्डर दोन हप्त्यांत द्यायची, ही या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. एकदम आठ प्लेटा सांगितल्या की त्या एकदम तरी येतात किंवा एकदम अडकतात. दोन हप्त्यांत सांगितलं की पहिल्या हप्त्याच्या वेगावरून किचनचा अंदाज येतो. पहिल्या तीन प्लेटांना पंचवीस मिनिटं लागली, तर दुसरा हप्ता छोटा करायचा.

६. मेन्यूतून निवडायचं कसं

इथे थोडं थांबते, कारण गडबड इथेच होते.

आधी नग मोजा. छोटी प्लेट म्हणजे बहुतेक वेळा तीन किंवा चार नग. आपण चौघं आणि प्लेटमध्ये तीन, असं झालं की मराठी माणसांची पंचाईत होते. तिसरा नग प्लेटमध्ये तसाच पडून राहतो. "तू घे." "नाही, तू घे." "मला नको, माझं झालं." त्यात तीन मिनिटं जातात आणि शेवटी तो गार झालेला नग नवऱ्याच्या ताटात पडतो. विचारून घ्या: "यात किती येतात? चार करून द्याल का?" बरेच जण एक नग वाढवून देतात आणि तेवढे पैसे लावतात.

किती प्लेटा? दोघांना चार, फार तर पाच. चौघांना सात पुरतात. नेहमीच्या रात्रीच्या जेवणासाठी हे कमी आहे, आणि तसंच असलं पाहिजे. मध्यंतरात आलुबोंडा आहे. पाऊण पोटाने नाटक चांगलं दिसतं.

लवकर येणारं: चाटचे प्रकार, कोशिंबिरी, दह्याचं काही, चटण्यांसोबतचे पापड, आधी उकडून-वाफवून ठेवलेलं आणि फक्त परतायचं असलेलं. पाटवडी, अळूवडी, ढोकळ्याच्या धर्तीवरचं काही असेल तर बिनधास्त घ्या.

मध्यम: तळणीचं. तेल तापलेलं असेल तर दहा मिनिटं.

उशिराचं: तंदूरचं सगळं, दमाचं सगळं, आणि ज्याच्या वर्णनात "मंद आचेवर" लिहिलंय ते. रोट्या आणि नानही यातच आले. पाच वाजता तंदूर नुकता पेटलेला असेल तर कबाब बाहेरून काळा आणि आत कच्चा येतो. परत पाठवायला तुमच्याकडे वेळ नसतो.

आता नावांबद्दल. या मेन्यूतली नावं वाचून दडपू नका. अशाच एका ठिकाणी आम्ही सांभारवडी घेतली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरच्या सांबाराशी याचा काही संबंध नाही. बाहेर बेसन-कणकेची पातळ पारी, आत कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं. घरी लांब वडी करून तळतात आणि चिंचेच्या कढीबरोबर खातात. इथे तिचे चार तिरपे काप उभे केले होते, खाली चिंचगुळाचा चमचाभर गडद ओघळ, वर लाल तिखटाच्या तेलाचे तीन थेंब. मावशींनी एक काप उचलला, उलटा करून पारी बघितली, तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खसखस भाजून घेतलीय. करणारी इथलीच आहे."

याच्या उलट तर्री पोहा, म्हणजे तिखट रस्सा घातलेले पोहे. पोह्याचे छोटे तळलेले गोळे ठीक होते, पण तर्रीच्या जागी लालसर फेस. मावशींनी वेटरला विचारलं, "हे उतू गेलंय का बाळा?" तर्रीचं काम पोह्यात मुरायचं असतं. फेस मुरत नाही. तो पाच मिनिटांत बसला आणि प्लेटवर एक डाग उरला.

यातून मी एक नियम केला आहे, पटला तर घ्या: ओळखीच्या पदार्थाचं रूप बदललेलं चालतं, पोत बदललेला सहसा चालत नाही. वडाभाताची टिक्की कुरकुरीत असेल आणि वर हिंग-मिरचीचं गरम तेल पडणार असेल तर घ्या. पिठल्याची जेली असेल तर शेजारच्या टेबलावर येऊ द्या, त्यांचे चेहरे बघा, मग ठरवा.

तिखटाचंही बोलून घ्या. सावजी मसाल्याचं नाव असलेली प्लेट घेतलीत तर ती पहिल्या हप्त्यात घ्या. शेवटी घेतली तर जिभेवर आग घेऊन सभागृहात बसावं लागतं आणि शांत प्रसंगात उचकी लागते. दारू पिणारे असतील त्यांनी ती नाटकानंतरसाठी ठेवावी. अंधार, एसी आणि मऊ खुर्ची मिळून बाकीचं काम करतातच.

गोड घ्यायचंच असेल तर आधीच करून ठेवलेलं घ्या: कुल्फी, खरवस, बर्फीचे प्रकार. संत्र्याचं काही असेल तर मोसम बघा. संत्र्याचे बहार म्हणजे फुलोरे दोन: आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुलैत ताज्या संत्र्याचं म्हणून काही देत असतील तर ते कुठल्या बाटलीतून आलं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

७. सोबतच्यांचा विचार

शाकाहारी-मांसाहारी एकाच टेबलावर असतील तर प्लेटा वाटून खायच्या पद्धतीत घोळ होतो. प्लेट येताच वेटरने नाव सांगितलं पाहिजे, हे त्याला आधीच बजावा. या सजावटीत कोंबडी आणि फणस सारखेच दिसतात. आम्ही टेबलाची डावी बाजू शाकाहारी ठरवतो आणि चमचे वेगळे मागतो. शेंगदाणे किंवा काजू चालत नसतील तर ते पहिल्याच मिनिटाला सांगा. चटण्यांत ते दिसत नाहीत.

संकष्टीला बेत ठेवू नका. आमच्या सासूबाईंचा उपास चंद्रोदयाला सुटतो, आणि चंद्र येतो आठ-साडेनऊच्या मध्ये कधीतरी, म्हणजे ऐन दुसऱ्या अंकात. तारीख ठरवताना कालनिर्णय उघडून बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. त्या तासभर फक्त पाणी पीत बसल्या आणि "तुम्ही खा गं, माझं काही नाही" म्हणत राहिल्या. असं म्हणणाऱ्या माणसासमोर कुणाच्या घशाखाली काय उतरणार?

८. बिल लवकर, पण वाचून

दुसरा हप्ता टेबलावर आला की लगेच बिल मागा. खाऊन झाल्यावर मागितलं तर दहा मिनिटं जातात, कार्डाचं मशीन चार्ज नसलं तर पंधरा.

घाईतही दोन ओळी बघा. साध्या हॉटेलात खाण्यावर जीएसटी ५ टक्के लागतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. मोठ्या, महागड्या खोल्या असलेल्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के असू शकतो. सेवाशुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, की तो बिलात आपोआप लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा नको असेल तर "हा काढा" एवढंच म्हणायचं, आवाज चढवायची गरज नाही. ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण फोन नाटकानंतर करा. सेवा चांगली असेल तर टीप आपल्या हाताने द्या, मला तेच बरं वाटतं.

पाण्याची बाटली न मागता उघडतात. "साधं पाणी द्या" हे बसतानाच सांगून टाका.

९. सभागृहापर्यंत

देशपांडे सभागृहाला जायचं तर मेट्रो चांगली: झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क स्टेशनला उतरून रिक्षा. धरमपेठ-शंकरनगरकडून येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. रेशीमबागेला मेट्रो जात नाही, तिथे रिक्षा किंवा स्वतःची गाडी. परतताना मेट्रो मिळेलच असं धरून चालू नका. नाटक लांबलं तर शेवटची गाडी हुकते. रात्री सभागृहाबाहेर सगळेच एकदम रिक्षा शोधतात, त्यामुळे दोन चौक चालत पुढे जाऊन रिक्षा धरणं सोपं.

उरलेलं अन्न बांधून घेतलंच तर गाडीच्या डिकीत. रिक्षाने जाणार असाल तर बांधून घेऊ नका. मे महिन्यात डिकीतही नको. तीन तासांनी ते खायच्या लायकीचं राहत नाही.

१०. बेत फसला तर

पाच पंचेचाळीसला अजून निम्म्याही प्लेटा आल्या नसतील तर उरलेल्या रद्द करा. "जे अजून आचेवर चढलं नाही ते नको" असं स्पष्ट सांगा. भिडेपोटी बसून राहू नका. हॉटेलवाल्यांना रद्द करणं नवीन नाही, अवघडतो आपणच.

किंवा जेवण दोन भागांत करा. आधी दोन-तीन प्लेटा आणि चहा, नाटकानंतर बाकीचं. मात्र निघतानाच विचारून घ्या, की शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात. साडेनऊला सुटलात, दहाला पोचलात आणि किचन साडेदहाला बंद होत असेल तर जेमतेम जमतं. नाटकावरची भांडणंही तेव्हाच रंगतात, आधीच्या जेवणात बोलायला असतं काय?

झाडीपट्टीतल्या लोकांना यातलं काहीच करावं लागत नाही. तिकडे वडसा-गडचिरोलीकडे नाटक रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. घरून भरपेट जेवून, पांघरूण घेऊन लोक मंडपात येतात. मावशींचं माहेर त्या बाजूचं. आमचं हे उलटं घड्याळ, हप्ते, नग मोजणं बघून त्या दर वेळी मान हलवतात. पण गेल्या वेळी सहाला पाच कमी असताना मी बिलाची वाट बघत होते, तेव्हा पर्स खांद्याला लावून सगळ्यात आधी उठल्या त्याच. "चल, घंटा होईल," म्हणाल्या आणि प्लेटमधला चौथा नग उचलून तोंडात टाकला.